हुबळीचे डॉक्टर आणि त्यांचे सेवा दल

1923 पूर्वी काँग्रेसचे स्वयंसेवक म्हणजे लग्नघरातली उत्साही पोरे. अधिवेशन जवळ आले की गावातली मुले गोळा करायची, छातीवर बिल्ले लावायचे, पाहुण्यांच्या सामानापासून मंडपाच्या दारापर्यंतची कामे वाटून द्यायची आणि मांडव उतरला की सगळ्यांनी आपापल्या घरी जायचे. पुढच्या वर्षी दुसरे शहर, दुसरी पोरे, पुन्हा श्रीगणेशा. देशव्यापी चळवळ चालवणाऱ्या पक्षाकडे बारमाही, शिकवून तयार केलेले कार्यकर्ते नाहीत, ही उणीव पुष्कळांना जाणवत होती. ती भरून काढण्यासाठी सगळे आयुष्य खर्ची घातले ते डॉ. नारायण सुब्बाराव हर्डीकर यांनी.

हर्डीकरांचा जन्म 7 मे 1889 चा, धारवाडचा. आडनाव आपल्या ओळखीचे, पण कर्मभूमी कन्नड मुलखातली. तेव्हा धारवाड, बेळगाव, विजापूर हे जिल्हे मुंबई इलाख्यातच होते आणि टिळकांच्या राजकारणाचा तिकडे मोठा प्रभाव होता. टिळकांच्या होमरूल लीगची स्थापनाही 1916 साली बेळगावातच झाली. कलकत्त्यात वैद्यकीय शिक्षण घेऊन हर्डीकर अमेरिकेला गेले आणि मिशिगन विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य या विषयात त्यांनी पदव्युत्तर पदवी मिळवली. रोगी बरा करण्यापेक्षा रोगच होऊ नये म्हणून वस्ती, पाणी आणि सवयी यांच्याकडे पाहणारी ही विद्या. त्यांच्या पुढच्या संघटनकार्याचे मूळ मला या अभ्यासात दिसते.

अमेरिकेत त्यांची गाठ लाला लजपतराय यांच्याशी पडली. महायुद्धामुळे लालाजींना मायदेशी परतता येत नव्हते. 1917 साली त्यांनी न्यूयॉर्कमध्ये ‘इंडिया होमरूल लीग ऑफ अमेरिका’ काढली आणि जानेवारी 1918 पासून ‘यंग इंडिया’ हे मासिक सुरू केले. (गांधीजींचे ‘यंग इंडिया’ ते हे नव्हे.) या खटाटोपात हर्डीकर लालाजींचे उजवे हात होते. सभा ठरवणे, पत्रके काढणे, वर्गणी जमवणे, पत्रव्यवहार सांभाळणे, अशी पडद्यामागची सारी कामे त्यांच्याकडे असत. लालाजींच्या त्या वर्षांवर त्यांनी पुढे पुस्तकही लिहिले.

1921 मध्ये ते परतले तेव्हा असहकाराचे वारे जोरात होते. अमेरिकेत शिकून आलेल्या डॉक्टरला दवाखाना थाटून सुखाने राहता आले असते. त्यांनी हुबळीत सेवा मंडळ काढले आणि तरुणांना हाताशी धरले. 1923 साली नागपूरला झेंडा सत्याग्रह पेटला. तिरंगा घेऊन सिव्हिल लाइन्सकडे निघालेल्या मिरवणुकांना सरकारने बंदी घातली, तेव्हा देशभरातून तुकड्या येऊ लागल्या आणि तुरुंग भरले. आत गेल्यावर मात्र हाल सोसेनात, म्हणून काहींनी माफी लिहून देऊन सुटका करून घेतली. हुबळीच्या मंडळींनी माफी मागितली नाही. घोषणा देणारा तरुण आणि तयार झालेला तरुण यांतला फरक त्या तुरुंगात साऱ्यांनाच दिसला.

त्याच वर्षी डिसेंबरात काकिनाडा येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. तिथे स्वयंसेवकांची परिषद झाली आणि तीतून हिंदुस्थानी सेवा दल जन्माला आले. परिषदेचे अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते. प्रत्यक्ष गाडा ओढायचा होता हर्डीकरांना आणि मुख्यालय राहिले हुबळीला.

विरोध घरातूनच झाला. कवायत, संचलन, हुकूम हे सगळे लष्करी थाटाचे, अहिंसेच्या पक्षात त्याला जागा कशी द्यायची, असा आक्षेप काही पुढाऱ्यांनी घेतला. नेहरूंनी आपल्या आत्मचरित्रात या प्रसंगाबद्दल मिश्कील भाषेत लिहिले आहे. स्वयंसेवकांनी पावले जुळवून चालणेसुद्धा काहींना खटकत होते! पण शिकवलेला स्वयंसेवक अधिक कार्यक्षम असतो आणि अहिंसाही तोच अधिक पाळतो, हे हर्डीकरांनी वर्षानुवर्षे चिकाटीने दाखवून दिले, असे श्रेय नेहरू देतात. मला हाच हर्डीकरांच्या कामाचा गाभा वाटतो. लाठीमार सुरू झाल्यावर हात न उगारता जागेवर बसून राहणे हे चिडलेल्या गर्दीच्या आवाक्याबाहेरचे काम आहे. त्याला सराव लागतो.

सरावाची पहिली मोठी परीक्षा 1924 च्या डिसेंबरात बेळगावला झाली. गांधीजींच्या अध्यक्षतेखाली भरलेले हे एकमेव अधिवेशन. यजमानपदाचा भार गंगाधरराव देशपांडे यांच्यावर होता आणि स्वयंसेवक हर्डीकरांच्या हाताखाली होते. हजारोंची छावणी वसवायची म्हणजे पिण्याचे पाणी, भोजनाच्या पंगती, संडासांची सफाई, चुकलेली माणसे आणि हौशी गर्दी. पाण्यासाठी खोदलेली काँग्रेस विहीर बेळगावात आजही आहे. उमाबाई कुंदापूर यांनी त्या वेळी गावोगाव फिरून बायकांना स्वयंसेविका म्हणून आणले. त्यांत विधवाही होत्या. 1924 साल आणि उत्तर कर्नाटकातली खेडी डोळ्यांपुढे आणली तर हे किती अवघड होते ते कळेल. कमलादेवी चट्टोपाध्यायही सेवा दलात आल्या आणि त्यांनी महिला विभागाचे काम सांभाळले.

दलाने रुजवलेली एक प्रथा म्हणजे महिन्याच्या अखेरच्या रविवारी सकाळी आठ वाजता होणारे ध्वजवंदन. ज्या झेंड्यापायी नागपूरला तुरुंग भोगला, तो आता ठरल्या वेळी गावोगाव वर चढू लागला.

इथे एक योगायोग नोंदवावासा वाटतो. डॉ. केशव बळीराम हेडगेवार यांचा जन्मही 1889 चाच, हर्डीकरांच्या सव्वा महिना आधीचा. त्यांचेही वैद्यकीय शिक्षण कलकत्त्यात झाले आणि 1920 च्या नागपूर काँग्रेसमध्ये स्वयंसेवकांच्या व्यवस्थेत तेही होते. 1925 मध्ये त्यांनी राष्ट्रीय स्वयंसेवक संघ काढला. तरुणांना शिस्त हवी हे निदान दोघा डॉक्टरांचे एकच होते, औषधे मात्र पार वेगळी निघाली.

1931 साली काँग्रेस कार्यकारिणीने दलाला आपल्या थेट अंमलाखाली घेतले आणि ते ‘काँग्रेस सेवा दल’ झाले. मान वाढला, स्वतंत्रपणा गेला. लगेच 1932 मध्ये सरकारने बंदी घातली. पुढे काँग्रेसवरचे निर्बंध उठले तरी सेवा दलावरची बंदी राहिली. सरकारला खरी धास्ती कुणाची होती, याचा अंदाज यावरून येतो.

महाराष्ट्रात याच परंपरेला वेगळे वळण मिळाले. 4 जून 1941 रोजी पुण्यात राष्ट्र सेवा दल नव्याने उभे राहिले आणि एस. एम. जोशी दलप्रमुख झाले. इथल्या शाखांत कवायतीच्या जोडीला गाणी आणि कलापथक आले, साने गुरुजींची माया आली. स्वातंत्र्यानंतर हे दल काँग्रेसपासून वेगळे राहिले. मूळ दलाला जे साधले नाही ते याला साधले, असे माझे मत आहे.

हर्डीकर 1952 ते 1962 राज्यसभेत होते, 1958 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. पण त्यांचा जीव रमला तो घटप्रभेच्या कर्नाटक आरोग्यधामात आणि शाळकरी मुलांच्या भारत सेवा दलात. 26 ऑगस्ट 1975 रोजी ते गेले. 1989 मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

चाळीसच्या दशकात शाखेवर गेलेली मुले आज नव्वदीच्या आसपासची आहेत. तुमच्या घरात, आळीत असे कोणी असेल, तर या दिवाळीत त्यांच्याजवळ बसा आणि शिबिरात रोज काय चालायचे ते विचारून तारीखवार लिहून घ्या. पुढाऱ्यांची चरित्रे पुष्कळ आहेत, पाणी भरणाऱ्या स्वयंसेवकांची टिपणे फार थोडी.