कानातला मळ : तान्ह्या बाळांचा आणि आजी-आजोबांचा

आजोबा टीव्हीचा आवाज वाढवत राहतात, दोनदा हाक मारल्याशिवाय ओ देत नाहीत. घरचे म्हणतात, वय झालं. श्रवणयंत्र घेण्याआधी कान एकदा तपासून घ्या. उतारवयात मळ कोरडा, घट्ट होतो आणि आपोआप बाहेर सरकत नाही. श्रवणयंत्र लावणाऱ्यांच्या कानात तो जास्तच साचतो. कान गच्च भरला की ऐकू कमी येतं, कानात आवाज येतात, कधी चक्करही येते.

मळ ही घाण नव्हे, कानाच्या त्वचेचं ते संरक्षण आहे. बड किंवा हेअरपिन घातली की तो पडद्याकडे ढकलला जातो.

बाळाच्या कानात मळ दिसला तरी काढू नका. अंघोळीनंतर कानाचा बाहेरचा भाग मऊ कापडाने पुसा, बस्स. मालिश करताना कानात तेल सोडू नका, आजी रागावल्या तरी! बाळ आवाजाला दचकत नसेल तर मळाला दोष देत थांबू नका, श्रवणचाचणी करून घ्या.

मोठ्यांना मळ मऊ करणारे थेंब साधारण 3 ते 5 दिवस देतात. थेंबांनी मळ फुगून सुरुवातीला ऐकू आणखी कमी येऊ शकतं. पडद्याला छिद्र असेल किंवा कानाचं ऑपरेशन झालं असेल, तर स्वतःहून थेंब घालू नका. मधुमेह असल्यास कान धुण्याआधी डॉक्टरांना सांगा. अशांना कानाचा संसर्ग गंभीर होऊ शकतो.

कानातून पू किंवा रक्त आलं, तापासोबत कान दुखला, किंवा एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर त्याच दिवशी दाखवा.