अडुसष्ट सांधे

सकाळी ७:३०

पहिलं काम फ्रिजचं. औषधाच्या फ्रिजचं तापमान रात्रभर २ ते ८ अंशांच्या आत राहिलं का, ते आलेखावर पाहायचं आणि सही करायची. आतली इंजेक्शनं प्रथिनांची असतात. ती एकदा गोठली की फेकण्याच्याच लायकीची. पुण्यात वीज जात नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी मे महिन्यातली आमची नोंदवही चाळावी.

मी क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर. बी.फार्म. केलंय. नर्स नाही, डॉक्टर तर नाहीच, पण रुग्ण मला ‘सिस्टर’ म्हणतात आणि सासूबाई शेजाऱ्यांना ‘हॉस्पिटलात आहे’ एवढंच सांगतात. इथल्या संधिवात विभागात सोरायटिक आर्थ्रायटिसच्या एका औषधचाचणीचं काम मी पाहते. सोरायसिस म्हणजे लालसर चट्टे आणि त्यावर सुटणारे पांढरे पापुद्रे. तो असलेल्यांपैकी साधारण पाचव्या हिश्श्याला पुढे सांध्यांचाही आजार जडतो. बहुतेकांत आधी त्वचा आणि काही वर्षांनी सांधे, थोड्या जणांत याच्या उलट.

सकाळी ८:००

आजचे पहिले काका भिगवणहून पहाटेच्या एसटीनं आलेत, तेही उपाशीपोटी. रक्तातली चरबी मोजायची असते म्हणून चहासुद्धा नाही. “ताई, निदान अर्धा कप,” अशी विनंती दर वेळी होते आणि दर वेळी नाकारली जाते. रक्त काढून झालं की कँटीनचे पोहे आमच्यातर्फे.

भिगवण म्हटलं की लोकांना उजनीच्या पाण्यावरचे फ्लेमिंगो आठवतात. संधिवाताच्या क्षेत्रातल्यांना १९९६ साल आठवतं. त्या वर्षी पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकानं जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘कॉपकॉर्ड’ उपक्रमाखाली तिथं घरोघरी जाऊन कुणाचं काय दुखतं ते विचारलं होतं. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस दोनशे प्रौढांमागे एकाला, असं तिथं दिसलं. खेड्यातली माणसं कष्टाची, त्यांना कुठला संधिवात, हा शहरी समज तेव्हाच मोडायला हवा होता.

नळीतलं रक्त अर्धा तास उभं ठेवायचं, ते साकळलं की सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं आणि वरचा पिवळसर सीरम छोट्या कुप्यांत भरून उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये टाकायचा. कुपीवरची चिठ्ठी ओल्या हातानं चिकटवली तर महिन्याभरात गळून पडते. मग ते रक्त कुणाचं, हे सांगणारं कुणी नाही.

सकाळी ९:१५

नवी रुग्ण, साठीच्या मावशी. संमतिपत्र मराठीत आहे, पण वीस-बावीस पानांचं. वकील आणि डॉक्टर मिळून लिहितात तेव्हा मराठीचं जे होतं ते त्यात झालेलं आहे. म्हणून मी वाचून दाखवते आणि डॉक्टर समजावतात. चाचणीत इजा झाली तर उपचार आणि भरपाई कुणी द्यायची, केव्हाही बाहेर कसं पडायचं, हे २०१९ च्या नियमांप्रमाणे सांगावंच लागतं. वाचता न येणारा रुग्ण असेल तर त्रयस्थ साक्षीदार हवा.

सगळं ऐकून झाल्यावर मावशींनी नेमकं विचारलं, “म्हणजे मला पाण्याचं इंजेक्शन पण मिळू शकतं?”

“हो. पहिले सोळा आठवडे. मग सगळ्यांना खरं औषध.”

“आणि मला कुठलं मिळालं ते तुम्हाला ठाऊक असणार.”

“मला नाही. डॉक्टरांनाही नाही.”

“मग कुणाला?”

“कॉम्प्युटरला.”

“म्हणजे देवालाच,” म्हणून त्यांनी पेन उचललं. मी ते खाली ठेवायला लावलं. घरी न्या, मुलाला दाखवा, दोन दिवसांनी या. घाईत केलेली सही आम्हालाच नको असते.

पाण्याचं इंजेक्शन कशाला, हा प्रश्न रास्त आहे. या आजारासाठी सेक्युकिनुमॅब या औषधाची जी मोठी चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात २४ आठवड्यांनी औषधाच्या मोठ्या डोसवरच्या शंभरातल्या ५४ जणांना ठरलेला उतार पडला. खोट्या इंजेक्शनवरच्याही १५ जणांना पडला. हे पंधरा खोटारडे नव्हते. दुखणं आपोआप कमीजास्त होतं, विचारपूस झाली की माणसाला बरं वाटतं, आशेनंही वाटतं. ते पंधरा वजा केल्याशिवाय औषधाचा वाटा किती हे कळत नाही.

सही झाली की मावशींची क्षयरोगाची तपासणीही होईल. शरीरातलं टीएनएफ अडवणारं इन्फ्लिक्सिमॅब वापरात आल्यावर क्षय उसळल्याच्या ७० रुग्णांची नोंद अमेरिकेत २००१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि जग सावध झालं. आमचं औषध त्या गटातलं नाही, तरी आपल्या देशात ही चाचणी टाळून चालत नाही. छातीत झोपलेला क्षय सापडला, तर आधी निदान महिनाभर त्यावरचं औषध आणि मग बाकीचं.

सकाळी १०:३०

आता दिवसाचं खरं काम.

या आजाराचं निदान पक्कं करणारी एकही रक्तचाचणी नाही. ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर बहुधा निगेटिव्ह येतो आणि ‘तुम्हाला संधिवात नाही’ असं सांगून रुग्णाला घरी पाठवलं जातं. सोरायसिसमध्ये युरिक अॅसिड बरेचदा वाढलेलं असतं, त्यामुळे पायाचं बोट सुजलं की गाऊटची औषधं सुरू होतात. सूज दाखवणारं सीआरपी जवळपास निम्म्या रुग्णांत नॉर्मल असतं. खरं तर फॅक्टर नसणं हीच इथली खूण आहे. इंग्लंडमध्ये लीड्स इथल्या मोल आणि राइट यांनी १९७३ मध्ये या आजाराचे पाच प्रकार मांडले, तेव्हाही ती महत्त्वाची ठरली. २००६ च्या ‘कॅस्पर’ निकषांत तर निगेटिव्ह रिपोर्टला एक गुणच मिळतो.

मग मोजायचं कशानं? अंगठ्यानं. तपासणाऱ्या डॉक्टर मॅडम वेगळ्या. त्या रुग्णावर उपचार करत नाहीत, त्याची फाइल पाहत नाहीत, ‘आता कसं वाटतंय’ असंही विचारत नाहीत. स्वतःच्या नखाखालचा रंग पांढरा पडेल इतक्याच जोरानं त्या प्रत्येक सांधा दाबतात. दुखरे सांधे मोजायचे अडुसष्ट, सुजलेले सहासष्ट. दोनांचा फरक खुब्यांचा आहे. खुबा इतका खोल की त्याची सूज बोटांना लागतच नाही.

ऱ्हुमॅटॉइडला अठ्ठावीस सांधे पुरतात. इथे नाही, कारण हा आजार बोटांच्या टोकांच्या सांध्यांत आणि पावलांत शिरतो आणि अठ्ठावीसच्या यादीत ते नेमके नसतात. म्हणून जबड्यापासून पायाच्या करंगळीपर्यंत सगळं. मॅडम सांगतात, मी लिहिते. उजवी तर्जनी, टोकाचा सांधा, दुखतो, सूज आहे. मधलं बोट, दुखत नाही, सूज आहे. ‘दुखत नाही, सूज आहे’ हे ऐकून भिगवणचे काका दर वेळी चकित होतात. त्यांच्या मते न दुखणारा सांधा चांगलाच.

त्यांच्या डाव्या पायाचं चौथं बोट मुळापासून टोकापर्यंत एकसारखं फुगलेलं आहे. असं अख्खं बोट सुजणं या आजारात नेहमीचं. मग टाच, गुडघ्याची आतली बाजू, कोपराची बाहेरची, दोन्हीकडची मिळून सहा ठिकाणं. इथं स्नायुबंध हाडाला जोडले जातात. १९९८ मध्ये लीड्सच्याच डेनिस मॅकगॉनॅगल यांनी मत मांडलं की आग सुरू होते ती सांध्याच्या अस्तरात नव्हे, तर या जोडांवर. नखांचा उलगडाही त्यातूनच होऊ लागला. टोकाच्या सांध्यावरून जाणाऱ्या स्नायुबंधाचे तंतू नखाच्या मुळापर्यंत पोचतात. नखावर बारीक खड्डे आणि शेजारीच सुजलेला सांधा, हा योगायोग नव्हता.

एक्स-रेमध्ये तर एकाच बोटात हाड एकीकडे खाल्लेलं आणि शेजारी नवं उगवलेलं दिसतं. सगळ्या संधिवातांत मला हाच विचित्र वाटतो.

मोजणीला पाऊण तास जातो. रक्ताची मशीन मिनिटात आकडा देते आणि सगळे तिच्यावर विश्वास ठेवतात. मॅडमच्या अंगठ्यावर मात्र शंका घेतात. अनुभवानं मी त्या अंगठ्याच्या बाजूची झालेय.

दुपारी १२:१५

प्रश्नावली. रुग्णाला रोजची कामं किती जमतात हे मोजणारा ‘हॅक’ हा तक्ता १९८० मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डला तयार झाला. मूळ इंग्रजीत त्यात मांस कापता येतं का, टबात अंघोळ करता येते का, असे प्रश्न आहेत. भारतीय आवृत्ती करणाऱ्यांनी शहाणपणानं मांडी घालून बसणं आणि उकिडवं बसणं आत घेतलं. आपल्याकडे शौचालयात बसता न येणं हे अपंगत्वाचं पहिलं लक्षण असतं आणि ते कुणी आपणहून सांगत नाही.

नियम असा, की प्रश्न आहे तसा वाचायचा. समजावायचं नाही, सुचवायचं नाही. मला हे फार जड जातं.

शेवटी दहा सेंटिमीटरची एक रेघ. डावं टोक म्हणजे दुखत नाही, उजवं म्हणजे असह्य. रुग्णानं खूण करायची आणि मी पट्टीनं मिलिमीटर मोजायचे. “किती मार्क देऊ?” असं काही जण विचारतात. काका म्हणाले, “रुपयात बारा आणे कमी आहे.” मी नुसतं पेन पुढे केलं. खूण झाली २६ वर. बारा आण्यांचा हिशेब जवळपास बरोबर.

दुपारी १:३०

डबा. पंधरा मिनिटं.

दुपारी २:००

पुढचे अडीच तास सांगण्यासारखे नाहीत. कागदावरचं कॉम्प्युटरमध्ये चढवणं, परदेशी बसलेल्या कुणाच्या तरी शंकांना उत्तरं देणं. ‘सूज आहे पण दुखत नाही, खात्री करा’ ही शंका मला आता पाठ आहे. साडेतीनला कुरिअरवाला ड्राय आइसचा खोका आणतो. उणे ७८ अंश. हातमोजे घालूनही बोटं बधिर होतात. सीरमच्या कुप्या मोजून खोक्यात, खोका गाडीत.

दुपारी ४:३०

फोन. आज चौघांना. पहिला प्रश्न नेहमी मेथोट्रेक्सेटचा, “कुठल्या वारी घेतली?” ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज घेतली तर जिवावर बेतते, आणि कागदावर नीट न लिहिल्यामुळे ती रोज घेणारे आपल्याकडे सापडतात. म्हणून आमच्या रुग्णांकडे तिचं नाव ‘रविवारची गोळी’. भीमावरमला जन्मलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी अमेरिकेत लेडर्ली कंपनीत रक्ताच्या कर्करोगाविरुद्ध जी औषधं घडवली, त्या कुळातली ही. सोरायटिक आर्थ्रायटिससाठी तिची पहिली मोजूनमापून चाचणी १९६४ ची, अवघ्या २१ रुग्णांची. आजही स्वस्तात मिळणारं मुख्य औषध तेच.

दुसऱ्या टोकाच्या ताई माझ्याकडून आश्वासन मागत होत्या, “चाचणी संपल्यावर इंजेक्शन चालू राहील ना?” नियमांत तशी सोय आहे, पण अटींसह. दुसरा उपचार उपलब्ध नसेल तर, नैतिकता समितीनं मान्य केलं तर. पर्यायी औषधं बाजारात असताना ती अट क्वचितच पुरी होते. भारतात अॅडालिमुमॅबची पहिली स्वस्त प्रतिकृती डिसेंबर २०१४ मध्ये आली, त्यानं काही घरांना दिलासा मिळाला. पण शेतमजूर बाईच्या मिळकतीशी ती किंमत ताडून पाहिली की ‘स्वस्त’ म्हणताना जीभ अडखळते. ज्यांच्या शरीरावर औषध पारखलं, त्यांना ते निदान वर्षभर मिळालं पाहिजे, असं माझं मत आहे. ते विचारात घेतलं जाणार नाही, पण आहे.

संध्याकाळी ५:३०

शेवटचा तास त्वचारोगाच्या ओपीडीत, बाकावर. इथं औषध नाही, इंजेक्शन नाही. सोरायसिसच्या प्रत्येक रुग्णाला पाच प्रश्न विचारायचे. काहींचे चट्टे केसांत, कानामागे किंवा बेंबीत लपलेले असतात. कुणाला आजवर इसब सांगितलेलं, कुणाला गजकर्ण. कुणाच्या शेजारी बसायला लोक कचरतात. सोरायसिस स्पर्शानं पसरत नाही, हे मी रोज सांगते, आणि रोज कुणीतरी पहिल्यांदाच ऐकतं.

मला विचाराल तर फ्रिजमधल्या महागड्या औषधापेक्षा हे बाकावरचं काम मोलाचं आहे. डब्लिनच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं की संधिवाततज्ज्ञाकडे पोचायला सहा महिने जरी उशीर झाला, तरी हाडांची झीज आणि पुढचं अपंगत्व वाढतं. आमच्याकडे येणारे अनेक जण कैक वर्षं मलमं लावून आणि वेदनाशामक खाऊन आलेले असतात. काहींनी तर स्टेरॉइडच्या पुड्या घेतलेल्या असतात. त्या अचानक थांबवल्या की त्वचा भयंकर उसळते.

ते पाच प्रश्न इंग्लंडमध्ये तयार झालेत आणि कुणालाही घरबसल्या विचारता येतात. एखादा सांधा कधी सुजला होता का? डॉक्टरांनी कधी संधिवात आहे असं सांगितलं होतं का? नखांवर बारीक खड्डे आहेत का? टाच दुखते का? हाताचं किंवा पायाचं एखादं बोट काही कारण नसताना अख्खं सुजून दुखलं होतं का? तुम्हाला किंवा घरात कुणाला सोरायसिस असेल आणि यांतल्या तिनांची उत्तरं ‘हो’ असतील, तर ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर निगेटिव्ह असला तरी थांबू नका. संधिवाततज्ज्ञांची वेळ घ्या, आणि चालू औषधांच्या चिठ्ठ्या सोबत न्या.