रंगा रावांचे दगड

समुद्रापासून इतक्या दूर राहणाऱ्या माणसाला देवमाशांचा नाद लागावा, याचं मूळ नागपूरच्याच दगडांत आहे. मिशनरी हिस्लॉपसाहेबांनी १८५०च्या दशकात इथल्या टाकळीला वेचलेले जीवाश्म आपल्या परिचयाचे आहेत. नागपूरच्या लाव्हाथरांमधल्या गाळात सापडलेल्या अंड्यांच्या पातळ कवचांवर १९८४ साली एक निबंध निघाला. त्याच्या लेखकांत जीवाश्मशास्त्रज्ञ अशोक सहानी होते. त्यांचं आधीचं काम शोधत गेलो तर ते कच्छला पोचलं. १९७०च्या दशकात त्यांनी आणि मिश्रांनी तिथल्या आदिम देवमाशांचं वर्णन केलं होतं. तेव्हापासून हा विषय मला सोडत नाही.

पाणघोडा हा देवमाशाचा जवळचा भाऊबंद. देवमासा सम खुरांच्या प्राण्यांच्या कुळातला, हे २००१ साली पाकिस्तानातून आलेल्या घोट्याच्या हाडांनी पक्कं केलं. पण पाण्यात पहिलं पाऊल टाकणारा प्राणी दिसायचा कसा? याचं उत्तर तेव्हा काही दगडांत बंद पडून होतं.

हे दगड भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी जम्मूच्या राजौरी जिल्ह्यात, कालाकोटजवळ गोळा केले होते. काही दात आणि जबड्याचे तुकडे एवढ्यावर १९७१ साली त्यांनी एका प्राण्याला ‘इंडोहायस’ नाव दिलं. सहानी आणि खरे यांचा राजौरीच्याच सस्तन प्राण्यांवरचा निबंधही त्याच वर्षीचा. पुढे रंगा राव गेले. त्यांचे बरेच दगड न फोडलेलेच राहिले, पण त्यांच्या पत्नीने ते जपून ठेवले आणि अखेर अमेरिकेतले संशोधक हान्स थेविसन यांच्या हाती सोपवले. या शोधाचं निम्मं श्रेय मी त्या माउलीला देतो.

प्रयोगशाळेत दगड साफ करताना एका कवटीचं कानाचं हाड चुकून तुटलं. मधल्या कानाला झाकणारं हे हाड वाटीच्या आकाराचं असतं. इथे तिची आतली कड भलतीच जाड निघाली. या जाड कडेला इन्व्होल्यूक्रम म्हणतात आणि तोवर ती देवमाशांची आणि डॉल्फिनांचीच खूण मानली जाई. ती आता चार सडपातळ पायांच्या, मांजराएवढ्या प्राण्यात दिसत होती.

मग बाकीची हाडं तपासली गेली. पायांच्या हाडांची भिंत जाड, आतली पोकळी अरुंद. अशा जड हाडांचं वजन पाणघोड्याला पाण्याच्या तळाशी चालताना उपयोगी पडतं. दातांतल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांनीही पाण्यातल्या वावराची साक्ष दिली. थेविसन, रुरकीचे सुनील बाजपेयी, डेहराडूनच्या वाडिया संस्थेचे बी. एन. तिवारी आणि सहकाऱ्यांनी डिसेंबर २००७मध्ये हे सगळं ‘नेचर’मध्ये मांडलं. इंडोहायस सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा.

आपल्या विदर्भातल्या जंगलांत पिसोरी आहे. तिची आफ्रिकेतली चुलत बहीण शिकारी पक्षी दिसला की ओढ्यात उडी घेते आणि पाण्याखाली लपते. इंडोहायसही असाच जीव वाचवायला पाण्यात शिरत असावा, असं या संशोधकांचं म्हणणं. देवमाशांचे पूर्वज माशांच्या लोभाने पाण्यात गेले, ही समजूत मला कधीच पुरेशी वाटली नव्हती. दात वनस्पती खाणाऱ्याचे आणि हाडं पाण्यात राहणाऱ्याची, हे कोडं भीतीच्या बाजूनेच सुटतं. आधी आसरा, मांसाहार नंतर. आज शेकडो किलोमीटरवर साद पोचवणाऱ्या देवमाशाच्या कानात ती जाड कड अजून आहे.

नागपुरात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य क्षेत्राचं कार्यालय आहे, विद्यापीठाचा भूशास्त्र विभाग आहे. इथे खाणींत, सर्वेक्षणांत आयुष्य घालवलेली माणसं घराघरांत आहेत. त्यांच्या माघारी माळ्यावरच्या पेट्या निघतात. त्यातले दगड टाकून देऊ नका. त्यांवरच्या चिठ्ठ्या काढू नका, कारण कुठे सापडला हे कळलं नाही तर जीवाश्माची निम्मी किंमत जाते. पेटी जशीच्या तशी विद्यापीठात नेऊन दाखवा.