सल्ला कोणाचा, मत कोणाचं?

कॉव्हेंट्रीच्या नगरपरिषदेत 54 नगरसेवक आहेत. शहराचे 18 प्रभाग, आणि प्रत्येक प्रभागातून तीन जण. तुमच्या भागातल्या बागेची दुर्दशा झाली, तर त्यांना जाब विचारता येतो. जाब विचारणं म्हणजे 'असं का झालं ते सांगा' असं हक्काने विचारणं. उत्तर पटलं नाही, तर पुढच्या निवडणुकीत लोक दुसऱ्याला मत देतात.

पण पंतप्रधान आणि मंत्री यांच्या आजूबाजूला सल्लागारही असतात. त्यांना कोणी मत दिलेलं नसतं. यात वाईट काही नाही. एका माणसाला शाळा, दवाखाने, रेल्वे असं सगळं कसं कळणार? जाणकार माणसं लागतातच. ब्रिटनमध्ये मंत्र्यांच्या खास सल्लागारांना नियमही आहेत. त्यांना सरकारी खर्च मंजूर करता येत नाही. ते किती आहेत आणि त्यांच्यावर किती खर्च होतो, हे सरकारला दर वर्षी जाहीर करावं लागतं.

मग लोक चिडतात कधी? सल्ला देणारा माणूस श्रीमंत असतो आणि त्याने नेत्याला पैसे दिलेले असतात, तेव्हा.

मराठीत यासाठी एक नेमका शब्द आहे : मिंधा. ज्याचे उपकार घेतले, त्याला 'नाही' म्हणायला जीभ रेटत नाही, असा माणूस म्हणजे मिंधा. नेता कोणाचा मिंधा झाला, तर तो आपलं ऐकेल की त्या श्रीमंत माणसाचं? लोकांची खरी भीती ही आहे.

आता दोन उदाहरणं पाहू.

पहिलं आपल्या इथलं. जुलै 2024 मध्ये कीअर स्टार्मर पंतप्रधान झाले. लॉर्ड वहीद अली या श्रीमंत उद्योजकाने त्यांना कपडे आणि चष्मे घेऊन दिले होते. त्याच अलींना पंतप्रधानांच्या कार्यालयात ये-जा करण्याचा पासही मिळाला होता. पास थोड्याच दिवसांचा होता, असं सरकारने सांगितलं. तरी लोकांना ते खटकलं. शेवटी यापुढे कपडे भेट घेणार नाही असं स्टार्मर यांनी जाहीर केलं, आणि काही भेटवस्तूंचे 6,000 पौंडांहून जास्त पैसे स्वतः भरले.

दुसरं अमेरिकेचं. इलॉन मस्क यांनी 2024 च्या निवडणुकीत ट्रम्प आणि त्यांच्या पक्षासाठी 25 कोटी डॉलरहून जास्त खर्च केला. जानेवारी 2025 पासून सरकारी खर्च कमी करण्याच्या कामात त्यांचा मोठा हात होता. हजारो लोकांच्या सरकारी नोकऱ्या गेल्या. काही लोक म्हणाले, "मस्क बरोबर आहेत हे माहीत असूनच आम्ही ट्रम्पना मत दिलं. मग तक्रार कसली?" पण अनेक जनमत चाचण्यांत मस्क यांच्यावर नाराज असलेले लोकच जास्त निघाले. एप्रिलमध्ये विस्कॉन्सिन राज्यात न्यायाधीशाची निवडणूक झाली. मस्क यांनी भरपूर पैसा ओतला, तरी त्यांचा उमेदवार हरला. मे महिन्याच्या शेवटी मस्क सरकारी कामातून बाहेर पडले.

दोन्हीकडे एक गोष्ट सारखीच दिसते. लोकांना मस्क किंवा अली यांना मत देऊन काढता येत नव्हतं. पण माहिती उघड झाली, म्हणून लोक बोलू शकले आणि नेत्यांना ऐकावं लागलं.

माहिती उघड व्हावी म्हणूनच इथे नियम आहेत. खासदाराला त्याच्या कामाशी संबंधित 300 पौंडांहून महाग भेट मिळाली, तर ती 28 दिवसांत नोंदवावी लागते. ही नोंदवही संसदेच्या संकेतस्थळावर कोणीही वाचू शकतं, अगदी तुम्हीसुद्धा! कॉव्हेंट्रीचे तीन खासदार आहेत. तुमच्या खासदाराचं पान आई-बाबांबरोबर उघडून बघा.

आणि हे फक्त मोठ्यांचं काम नाही. मतदानाचं वय 16 करणार, असं सरकारने जुलै 2025 मध्ये जाहीर केलं आहे. म्हणजे जाब विचारायची तुमची पाळी फार लांब नाही.

विचार करा आणि लिहा
1. 'मिंधा' हा शब्द वापरून दोन वाक्यं लिहा.
2. श्रीमंत माणसाने सरकारला फुकट सल्ला दिला, तर तो घ्यावा का? तुमचं मत पाच वाक्यांत लिहा.
3. तुमच्या शाळेतल्या विद्यार्थी प्रतिनिधीला कोणी महागडी भेट दिली, तर तुम्ही कोणता नियम कराल?