ध्वनिफितीतील चढ आणि उतार

ज्यांच्या घरी किंवा संस्थेच्या कपाटात १९९० च्या आसपासच्या ‘डॅट’ फिती पडून आहेत, त्यांना सध्या एकच घाई झालेली दिसते. फितीवरचे सगळे एकदाचे संगणकात घालावे आणि मोकळे व्हावे! घाई रास्त आहे. सोनी कंपनीने ही डिजिटल ऑडिओ टेप १९८७ साली बाजारात आणली आणि २००५ साली तिची यंत्रे बनविणे थांबविले. जी यंत्रे अजून चालतात त्यांची हेड झिजत चालली आहेत. तेव्हा आज जी प्रत संगणकात उतरेल तीच पुष्कळ फितींच्या बाबतीत शेवटची ठरणार. म्हणूनच अशा प्रतीत हटकून शिरणाऱ्या एका दोषाविषयी येथे सांगावयाचे आहे. दोष मोठा चमत्कारिक आहे. फितीवरचा एकूण एक आकडा बिनचूक उतरतो, आणि तरीही ऐकू येणारा आवाज चुकीचा असतो.

हे कसे होते? कोणत्याही ध्वनिमुद्रणात यंत्राची स्वतःची एक बारीक फुसफुस मिसळत असते, आणि ती कानाला जाणवते ती मुख्यतः वरच्या, म्हणजे तीक्ष्ण स्वरांच्या भागात. गाण्यात आणि बोलण्यात मात्र नेमका हाच भाग दुबळा असतो. यावर रेडिओवाल्यांनी आणि तबकड्या काढणाऱ्यांनी फार पूर्वीच एक युक्ती योजली होती. मुद्रण करतानाच तीक्ष्ण स्वर मुद्दाम वाढवावयाचे आणि ऐकविताना तितकेच खाली आणावयाचे. स्वर पूर्ववत होतात. मध्ये शिरलेली फुसफुस मात्र त्यांच्याबरोबर खाली जाते. सुतार फळी थोडी जाड कापतो, कारण पुढे तिच्यावर रंधा फिरणार हे त्याला ठाऊक असते. तसाच हा प्रकार. तंत्रज्ञ पहिल्या क्रियेला प्री-एम्फसिस व दुसरीला डी-एम्फसिस म्हणतात. आपण चढ आणि उतार म्हणू.

डिजिटल मुद्रणात आवाज पायऱ्यांनी मोजतात. सोळा बिटांच्या मोजणीत ६५,५३६ पायऱ्या होतात. परंतु सुरुवातीची मोजणारी यंत्रे इतकी काटेकोर नव्हती, आणि दुबळे तीक्ष्ण स्वर अगदी तळच्या काही पायऱ्यांतच घोटाळत राहत. म्हणून तेथेही चढ आला. १९८२ साली निघालेल्या कॉम्पॅक्ट डिस्कमध्ये त्याची सोय होती; तोच चढ डॅटनेही घेतला. त्याचे माप ५० आणि १५ मायक्रोसेकंद या दोन आकड्यांनी सांगतात. व्यवहारात त्याचा अर्थ असा, की सेकंदाला १,००० कंपनांच्या स्वराला जवळजवळ काहीच चढ मिळत नाही. सुमारे ३,२०० पासून तो जाणवण्याजोगा होतो. ५,००० ला साडेचार डेसिबल, १०,००० ला साडेसात आणि २०,००० ला साडेनऊ डेसिबल होतो. साडेनऊ डेसिबल म्हणजे जवळपास तिप्पट. १०,६०० च्या पुढे चढण मंदावत जाऊन सपाट होऊ लागते.

फुकट काहीच मिळत नाही. टाळ, झांजा, घुंगरू यांचा आवाज मुळातच तीक्ष्ण; त्याला आणखी चढ दिला तर मोजणीची वरची मर्यादा ओलांडली जाते आणि आवाज फाटतो. पुढे मोजणारी यंत्रे सुधारली, तेव्हा बहुतेक मुद्रकांनी चढ देणे सोडून दिले. म्हणून बहुसंख्य डॅट फितींत चढ नाही, काहींत आहे. सगळ्यांत असता तर कुणी विसरले नसते. चढ असलेल्या फिती येतात त्या ज्यावर चढाचे बटण होते अशा मुद्रणयंत्रांकडून, किंवा चढ असलेल्या डिस्कवरून अथवा जुन्या डिजिटल मुद्रणावरून केलेल्या नकलांतून.

आता चढ आहे हे वाजविणाऱ्या यंत्राला कळावे कसे? त्यासाठी फितीवर आवाजाच्या आकड्यांबरोबर एक खूण नोंदलेली असते. यंत्र ती खूण वाचते आणि हेडफोनकडे किंवा स्पीकरकडे आवाज पाठविताना स्वतःच उतार देते. ऐकणाऱ्याला सर्व ठीक वाटते. संगणकाकडे मात्र फीत डिजिटल तारेने उतरवितात, आणि त्या तारेतून आकडे चढासकट जातात. खूणही सोबत जाते. पण संगणकाला जोडलेली पुष्कळ उपकरणे तिच्याकडे पाहतच नाहीत, आणि साध्या वेव्ह फाइलीत ती लिहून ठेवण्याची ठरलेली जागाच नसते. कामगार संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. करार एका साहेबाने केलेला असतो. त्याची बदली होते. नव्या साहेबाच्या फायलीत करार असतो पण पुरवणी नसते. आणि तो कागदावर बोट ठेवून सांगतो, की यात तसे काही लिहिलेले नाही!

आमच्याकडे जुन्या गिरणी कामगारांच्या आठवणींच्या अशा काही फिती आहेत. एका दुकानातून त्या संगणकावर उतरवून आल्या तेव्हा एका म्हाताऱ्या कामगाराच्या बोलण्यातला प्रत्येक ‘स’ आणि ‘श’ शिटीसारखा वाजत होता. सर्वांनी समजूत करून घेतली, की बाबांचे दात पडले होते, म्हणून असेल. दुकानदाराने तर ऐकणाऱ्याला त्रास नको म्हणून अंदाजाने तीक्ष्ण स्वर छाटले आणि एमपीथ्री करून दिले. वास्तविक त्या फितीत चढ होता. बाबांच्या दातांचा काही अपराध नव्हता. फिती टाकून दिलेल्या नव्हत्या म्हणून त्या पुन्हा उतरविता आल्या. हा दोष लपून राहतो तोही यामुळेच. स्वर आणि शब्द ओळखू येण्याचा बराचसा भाग चढाच्या खाली असतो, म्हणून बोलणे समजते; फक्त ते कर्कश लागते, आणि त्याचे खापर माइकवर, फितीवर किंवा बोलणाऱ्यावर फुटते.

उपाय अवघड नाही, पण त्यात क्रम सांभाळावा लागतो. प्रथम आकडे जसेच्या तसे उतरवून घ्यावेत आणि त्या प्रतीला कधीही हात लावू नये. फीत चालू असताना यंत्रावरील एम्फसिसचा दिवा किंवा अक्षरे पाहत बसावे. कंटाळवाणे काम आहे, पण एकाच फितीवर चढ असलेला भाग आणि नसलेला भाग पाठोपाठ असू शकतो. मग दुसऱ्या प्रतीवर उतार द्यावा, आणि तो वर सांगितलेल्या मापानेच. कानाला गोड लागेल तसा नव्हे. ‘सॉक्स’ नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये यासाठी ‘डीएम्फ’ अशी तयार आज्ञा आहे. ती सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० नमुने असलेल्या मुद्रणावर चालते. डॅटच्या ३२,००० च्या लांब पल्ल्याच्या मुद्रणाला आधी ४८,००० वर आणावे लागते. उतार दिल्यावर येणारे बारीक अपूर्णांक वाया जाऊ नयेत म्हणून ही प्रत चोवीस बिटांत ठेवावी. खरखर काढणे, आवाज मोठा करणे, एमपीथ्री बनविणे ही कामे त्यानंतरची. आधी खरखर काढली तर काढणारा प्रोग्रॅम चढलेल्या ‘स’लाच खरखर समजून खातो.

फाइलीच्या शेजारी एक साधा कागद असावा: फीत कोणती, नमुने किती, चढ कोणत्या मिनिटापासून कोणत्या मिनिटापर्यंत, उतार दिलेली प्रत कोणती.

कठीण प्रकरण उरते ते खूणच हरवलेल्या फितीचे. नकलेची नक्कल करताना मधल्या एखाद्या यंत्राने खूण गाळली, की हेडफोनवरसुद्धा आवाज कर्कशच येतो आणि दिवा काही सांगत नाही. अशा वेळी त्याच माणसाचे दुसरे मुद्रण शेजारी ठेवून ऐकावे, आणि संगणकावर स्वरांचा आलेख काढून ३,२०० च्या पुढे चढत जाणारी व १०,६०० नंतर सपाट होऊ लागणारी ती ओळखीची चढण दिसते का ते पाहावे. बोलण्यामधल्या शांततेत खोलीचा जो आवाज असतो त्यातही ती दिसते. उतार देऊन पाहता आवाज घोंगडीतून आल्यासारखा झाला, तर चढ नव्हता असे धरावे. उतार दिलाच, तर ‘खूण सापडली नाही, तुलनेवरून उतार दिला’ असे कागदावर लिहावे आणि मूळ आकडे जवळच ठेवावेत, म्हणजे पुढे ज्याचे मत वेगळे पडेल त्याला परत फिरता येईल.