स्वित्झर्लंडमधील पर्यटक रेल्वे पास

स्वित्झर्लंडमधील पर्यटक रेल्वे पास म्हणजे त्या देशात सहलीसाठी आलेल्या परदेशी प्रवाशांना रेल्वे, बस, बोट व शहरी वाहतूक सवलतीत वापरता यावी म्हणून दिली जाणारी तिकिटे व सवलतपत्रे होत. स्विस ट्रॅव्हल पास, स्विस ट्रॅव्हल पास फ्लेक्स आणि स्विस हाफ फेअर कार्ड हे त्यांतील प्रमुख प्रकार आहेत. मुलांसाठीचे स्विस फॅमिली कार्ड यांच्या जोडीने मिळते. स्वित्झर्लंडमधील प्रवासभाडे युरोपात महागांपैकी मानले जाते. त्यामुळे कुटुंबाच्या सहलीच्या एकूण खर्चावर पासाच्या निवडीचा मोठा परिणाम होतो.

पार्श्वभूमी

स्विस संघीय रेल्वेची स्थापना १९०२ साली झाली. तिच्याखेरीज देशात अनेक खाजगी व प्रांतिक रेल्वे, टपाल खात्याच्या पिवळ्या बसगाड्या आणि सरोवरांतील बोटसेवा आहेत. या सेवांची तिकीटव्यवस्था एकमेकांशी जोडलेली असल्याने एकाच तिकिटावर रेल्वे, बस व बोट यांचा सलग प्रवास करता येतो. पर्यटक पास याच व्यवस्थेवर आधारलेले आहेत.

भारतीय रेल्वेप्रमाणे येथे आसन आरक्षण किंवा प्रतीक्षायादी सहसा नसते. साधे तिकीट विशिष्ट गाडीचे नसून मार्गाचे व दिवसाचे असते. त्या दिवशीच्या कोणत्याही गाडीत बसता येते. मात्र गाडी सुटण्यापूर्वी वैध तिकीट जवळ असणे बंधनकारक असून, नसल्यास दंड आकारला जातो.

प्रमुख प्रकार

स्विस ट्रॅव्हल पास हा स्वित्झर्लंड व लिश्टनस्टाइनबाहेर राहणाऱ्यांनाच मिळतो. तो सलग ३, ४, ६, ८ किंवा १५ दिवसांसाठी असतो. मुदतीत रेल्वे, बस, बोट व ९०हून अधिक गावांतील स्थानिक वाहतूक यांचा अमर्याद वापर करता येतो. ५००हून अधिक संग्रहालयांत विनामूल्य प्रवेश मिळतो. रिगी, स्टान्सरहॉर्न व श्टूस येथील पर्वतीय प्रवासही त्यात समाविष्ट आहे. मुदत जितकी मोठी, तितका दर दिवसाचा खर्च कमी होतो.

स्विस ट्रॅव्हल पास फ्लेक्स या प्रकारात तेवढेच दिवस एका महिन्याच्या आत आपल्या सोयीने निवडता येतात. वापराचा प्रत्येक दिवस प्रवासापूर्वी ऑनलाइन नोंदवावा लागतो. त्याची किंमत तेवढ्याच दिवसांच्या सलग पासापेक्षा अधिक असते.

स्विस हाफ फेअर कार्ड एक महिना वैध असते. ते स्वतः तिकीट नव्हे. ते जवळ असल्यास रेल्वे, बस, बोट व बहुतेक पर्वतीय रेल्वेंची तिकिटे साधारण निम्म्या दराने मिळतात. स्विस नागरिकांतही अर्ध्या भाड्याचे वार्षिक कार्ड लोकप्रिय आहे. प्रदूषणामुळे जंगले नष्ट होत असल्याची चिंता वाढल्यानंतर, लोकांनी मोटारीऐवजी रेल्वे वापरावी यासाठी १९८७ साली त्या कार्डाची किंमत १०० फ्रँकवर आणण्यात आली होती.

यांशिवाय आगाऊ खरेदी केल्यास स्वस्त पडणारी दोन तिकिटे आहेत. सुपरसेव्हर तिकीट ठरावीक गाडीपुरतेच वैध असते. गाडी चुकल्यास ते वाया जाते. सेव्हर डे पास दिवसभर देशभर चालतो. प्रवासाची तारीख जवळ येते तशी त्याची किंमत वाढत जाते. ल्युसर्न परिसरासाठीचा टेल पास आणि बर्नीज ओबरलँड पास हे प्रादेशिक पास एकाच भागात मुक्काम करणाऱ्यांना उपयुक्त ठरतात.

मुले, तरुण व ज्येष्ठ

मोठ्या माणसासोबतच्या ६ वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही. ६ वर्षे पूर्ण झालेली पण १६ पूर्ण न झालेली मुले स्विस फॅमिली कार्डावर विनामूल्य प्रवास करतात. हे कार्ड पासासोबत किंवा हाफ फेअर कार्डासोबत मोफत मिळते. मात्र ते खरेदीच्या वेळी मागून घ्यावे लागते. आई किंवा वडील यांपैकी एक जण सोबत असणे ही त्याची अट आहे. त्यामुळे काका, मावशी किंवा आजी-आजोबांबरोबर निघालेल्या मुलांना या कार्डाचा लाभ मिळत नाही. अशा मुलांसाठी स्विस ट्रॅव्हल पास निम्म्या किमतीत उपलब्ध असतो. एकत्र कुटुंबाने दोन गट करून फिरायचे ठरवल्यास ही अट विशेष महत्त्वाची ठरते.

१६ ते २४ वर्षे वयाच्या प्रवाशांना स्विस ट्रॅव्हल पासवर सवलत असते. ज्येष्ठ नागरिकांसाठी मात्र वेगळी सवलत नाही.

निवडीचे गणित

प्रथम प्रवासाचे दिवस व मार्ग लिहून काढून प्रत्येक टप्प्याचे पूर्ण भाडे मांडावे लागते. कार्डाच्या किमतीच्या दुप्पट रकमेचा, पूर्ण भाड्याने मोजलेला प्रवास झाला की हाफ फेअर कार्डाची किंमत वसूल होते. म्हणजे कार्ड १५० फ्रँकांचे असेल, तर ३०० फ्रँकांच्या प्रवासानंतर बचत सुरू होते. सलग पासाची तुलना निम्म्या दराची तिकिटे अधिक कार्ड या बेरजेशी करावी लागते.

उदाहरणार्थ, आई-वडील, ८ व १३ वर्षांची दोन मुले आणि आजी असे कुटुंब झुरिकला उतरून ल्युसर्न व इंटरलाकेन येथे मुक्काम करणार आहे. मुलांचा प्रवास फॅमिली कार्डावर होत असल्याने हिशेब तीन मोठ्या माणसांचाच राहतो. रोज गाव बदलणे, बोटीतून फिरणे, रिगीवर जाणे व संग्रहालये पाहणे असा बेत असेल, तर सलग पास सोयीचा ठरतो. दोन-तीनच मोठे प्रवास आणि मध्ये विश्रांतीचे दिवस असतील, तर हाफ फेअर कार्ड बहुधा स्वस्त पडते. कारण सलग पासाचा न वापरलेला दिवस परत मिळत नाही. आजीचा बेत वेगळा असेल, तर तिच्यासाठी वेगळा प्रकार घेता येतो.

पर्वतशिखरांचा खर्च स्वतंत्र मोजणे आवश्यक असते. ३,४५४ मीटर उंचीवरील युंगफ्राउयोख स्थानकाच्या अंतिम टप्प्यावर स्विस ट्रॅव्हल पासधारकास २५ टक्के, तर हाफ फेअर कार्डधारकास ५० टक्के सवलत मिळते. टिटलिस व गोर्नरग्राट येथे दोन्हींवर ५० टक्के सवलत असते. ग्लेशियर एक्सप्रेसचा मार्ग पासात समाविष्ट असला, तरी त्या गाडीचे आसन आरक्षण सक्तीचे असून त्याचे शुल्क वेगळे भरावे लागते.

वापराचे नियम

पास व्यक्तीच्या नावे असतो आणि दुसऱ्यास वापरता येत नाही. तपासणीच्या वेळी पारपत्र दाखवावे लागते. मुलांचे फॅमिली कार्डही सोबत ठेवावे लागते. पासाचा दिवस पहिल्या प्रवासापासून २४ तासांचा नसून दिनदर्शिकेनुसार मोजला जातो. त्यामुळे विमान रात्री उशिरा उतरत असल्यास पास दुसऱ्या दिवसापासून सुरू करून, विमानतळावरून मुक्कामापर्यंतचे साधे तिकीट काढणे किफायतशीर ठरू शकते. किमती व सवलती वेळोवेळी बदलत असल्याने खरेदीपूर्वी चालू दर पाहून वरील तुलना पुन्हा करावी लागते.