कापसाची पारख

दसरा उलटला की देवपूरच्या आसपासच्या शिवारांत कापसाची वेचणी सुरू होते आणि भरलेली वाहने बाजाराची वाट धरतात. अशा वेळी व्यापारी मालाची पारख कशी करतो, हे मुलांनो, एकदा जवळून पाहावे. तो ढिगात खोल हात घालून आतला मूठभर कापूस काढतो व बोटांनी तंतू ओढून त्याची लांबी आणि बळकटी अजमावतो. ओलावा त्याच्या तळहाताला कळतो. कवडी व पाचोळा डोळ्यांना दिसतो. ही विद्या पुस्तकात मिळत नाही.

पूर्वी भाव मात्र रुमालाखाली ठरत असे. दलाल व व्यापारी कापडाआड एकमेकांची बोटे दाबून बोली करीत, आणि शेजारी उभ्या असलेल्या शेतकऱ्याला आपल्या मालाचे काय मोल झाले, याचा पत्ता नसे! मुंबई इलाख्यात १९२७ साली कापूस बाजाराचा कायदा झाला. पुढे नियंत्रित बाजारांत उघड लिलावाची पद्धत रुजली आणि बोली चारचौघांच्या कानांवर पडू लागली.

तरीही एक गोष्ट उघड लिलावातही झाकलेलीच राहते. हा कापूस पिकला कसा? शेणखतावर वाढलेले बोंड आणि विषारी फवारे घेतलेले बोंड यांतील भेद हाताला कळत नाही, डोळ्यांनाही दिसत नाही. येथे प्रमाणपत्र उपयोगी पडते. भारतात २००१ साली राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या नियमांनुसार, सामान्यतः पेरणीपूर्वी दोन वर्षे त्या जमिनीला रासायनिक खत व कीटकनाशक लागलेले नसावे; जनुकीय बदल केलेले बियाणेही चालत नाही. तपासनीस शेतावर येऊन पाहणी करतो, नोंदवही वाचतो. माल विकला गेला की किती विकला याचा दाखला त्याच्यासोबत पुढे जातो, म्हणून पिकला त्याहून अधिक विकता येत नाही.

परंतु दाखल्याचा अर्थ व्यापाऱ्याला ठाऊक नसेल तर? “कापूस उत्तम आहे, पण या कागदाचे मी काय करू?” असे म्हणून तो तो माल इतर ढिगावर ओततो. दूरच्या एखाद्या कापड गिरणीला नेमका तोच कापूस हवा असतो, ती चार पैसे अधिकही देते. पण तिला तो सापडत नाही आणि शेतकऱ्याच्या हाती नेहमीचाच भाव पडतो. जाणता व्यापारी मात्र असा माल निराळ्या कोठीत ठेवतो. सरकी काढण्याच्या कारखान्यातही आधी यंत्रे झाडून घ्यावी लागतात आणि मगच त्या कापसाची पाळी येते. कारण एकदा मिसळलेली रुई पुन्हा निवडता येत नाही.